१२२व्या मजल्यावरचं जेवण

"एका जेवणाचे एवढे पैसे? तिथं काय सोन्याचा भात वाढतात?"

शारजात माझ्या धाकट्या भावाच्या घरी, रमजान ईद होऊन आठवडा उलटला होता, तेव्हा अब्बांनी हा सवाल केला. भावानं आम्हा कुणालाही न विचारता बुर्ज खलिफामधल्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ या रेस्टॉरंटमध्ये पाच जणांचं टेबल ठरवून टाकलं होतं. आगाऊ रक्कम भरलेली होती. अब्बा आधी रागावले, मग गप्प झाले. त्यांचं गप्प होणं रागावण्यापेक्षा जड असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"अब्बा, तुम्ही २६ वर्षं या शहरात काढलीत. एकदा तरी वरून बघा ना," भाऊ म्हणाला.

"खालून बघितलंय, तेवढं पुरे आहे," अब्बा म्हणाले आणि अस्रच्या नमाजला उठले.

हे २०२३ सालच्या एप्रिलमधलं. मी दापोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. शाळेला सुट्टी लागली आणि अब्बा-अम्मीला घेऊन मी भावाकडे गेले होते. अम्मीची दुबईला येण्याची ही पहिलीच वेळ. अब्बांची मात्र सारी उमेद इथं गेली. १९७७ साली, वयाच्या १९व्या वर्षी, ते मुंबईहून ‘द्वारका’ बोटीनं इकडे आले ते डेकवरच्या तिकिटावर. शटरिंगच्या कामावर हेल्पर म्हणून लागले, पुढं सुतार झाले. २००३ मध्ये कायमचे घरी परतले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००४ मध्ये, बुर्जचं काम सुरू झालं. म्हणजे ही इमारत काही त्यांच्या हातची नाही. पण हे शहर थोडंफार त्यांच्या हातचं आहे, आणि भावाच्या मनात तेच असावं. त्याला ते नीट सांगता आलं नाही एवढंच.

शेवटी अम्मीनं निकाल दिला. "मुलानं भरलेत ना पैसे? वाया घालवायचे का? चला." अम्मीचे शव्वालचे सहा रोजे चालू होते. तिनं पर्समध्ये खजुराची छोटी डबी टाकली, आणि आम्ही निघालो.

बुर्ज खलिफाचं उद्घाटन ४ जानेवारी २०१० ला झालं. उंची ८२८ मीटर. बांधकाम चालू असताना तिचं नाव बुर्ज दुबई होतं. उद्घाटनाच्या दिवशी अबुधाबीचे अमीर आणि तेव्हाचे अमिरातींचे राष्ट्राध्यक्ष शेख खलिफा बिन झायेद यांचं नाव तिला दिलं गेलं. ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ त्यानंतर वर्षभरानं, २०११ च्या जानेवारीत उघडलं. ते १२२व्या मजल्यावर, जमिनीपासून सुमारे ४४२ मीटरवर आहे. जगातलं सर्वांत उंच रेस्टॉरंट म्हणून त्याची नोंद होती. २०२१ मध्ये शांघाय टॉवरच्या १२०व्या मजल्यावरचं रेस्टॉरंट पुढं गेलं, ते ५५६ मीटरवर आहे.

यापूर्वी उंचावर जेवण्याचा माझा अनुभव एवढाच, की लग्नानंतर आम्ही चर्चगेटच्या फिरत्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो, तेही फक्त चहा घेऊन परत. मरीन ड्राइव्हचा वळसा तिथून फार छान दिसला होता. पण तो आपला समुद्र, आपलं शहर. इथली गोष्ट वेगळी होती.

लिफ्ट इतकी गुपचूप चालते की आपण हललो हे कळतच नाही. कळतं ते कानांना. अम्मीनं माझा हात घट्ट धरला. "थुंकी गिळ," मी म्हटलं. ती म्हणाली, "रोजात चालते ना?" आपली थुंकी गिळल्यानं रोजा तुटत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण घाबरलं की माणूस काहीही विचारतो.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह होतो, कारण शाळेत ती सांगितली की मुलं कान टवकारतात. बुर्जचा आराखडा शिकागोच्या ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या कंपनीचा. एड्रियन स्मिथ वास्तुरचनाकार, बिल बेकर संरचना अभियंता. पण याच कंपनीत त्यांच्या आधी फजलूर रहमान खान हे अभियंते होऊन गेले. बंगालचे, १९२९ चा जन्म. पूर्वी उंच इमारतीत लोखंडाचं जाळं आतपर्यंत भरावं लागे आणि इमारत जितकी उंच तितका खर्च भलताच वाढे. खानांनी इमारतीच्या बाहेरच्या बाजूनंच जवळजवळ खांब उभे करून, पोकळ नळीसारखी ती वाऱ्याला तोंड देईल अशी रचना काढली. शिकागोचा १०० मजली जॉन हॅनकॉक टॉवर आणि ११० मजली सीअर्स टॉवर त्यांच्याच संरचनेचे. जगभरच्या गगनचुंबी इमारतींवर त्या विचाराचा ठसा आहे. हज किंवा उमऱ्याला गेलेल्यांनी जेद्दाच्या विमानतळावर तंबूंसारखी छतं असलेलं हज टर्मिनल पाहिलं असेल, त्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. १९८२ मध्ये जेद्दातच त्यांचं निधन झालं. आणि गंमत बघा, सीअर्स टॉवरचं छप्पर ४४२ मीटरवर आहे. तो उचलून बुर्जशेजारी ठेवला, तर त्याची गच्ची साधारण आमच्या टेबलाच्या पातळीला येईल.

टेबल खिडकीजवळचं होतं. मजल्यापासून छतापर्यंत काच. खाली समुद्राकडची बाजू, तिच्याकडे जाणारे रस्ते, छोटी छोटी छपरं. हवेत धूळ होती, एप्रिलमध्ये असते. त्यामुळे जाहिरातीतल्या फोटोंसारखं काही लख्ख दिसलं नाही. समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. अम्मी काचेपासून एक हात अंतर राखून बसली. अब्बांनी बाहेर पाहिलंच नाही. ते खुर्चीच्या लाकडाचा जोड बघत होते.

पलीकडच्या टेबलावर दारूचे पेले होते. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण हे वाचताना पहिला प्रश्न तुमच्या मनात हाच आला असेल. दुबईतल्या अशा मोठ्या जागांवर दारू मिळते. तिथलं मांस हलाल असतं, त्याची काळजी सहसा करावी लागत नाही. पण युरोपीय पद्धतीच्या स्वयंपाकात रश्श्यांत, सॉसमध्ये, कधी मिठाईतही वाइन घालतात, आणि ते चवीवरून आपल्याला कळत नाही. तिथल्या बऱ्याच मेन्यूकार्डांवर अशा पदार्थांपुढं खूण असते. भावाच्या बायकोनं एकेका पदार्थाबद्दल विचारून घेतलं, आणि वेटरनंही न कंटाळता आत जाऊन विचारून सांगितलं. विचारण्यात लाज कसली? शाकाहारी माणसं विचारतातच की. ज्या टेबलावर दारू आहे त्या टेबलाला आपण बसत नाही. पण एकाच छताखाली बसावं का, यावर आमच्या घरातही एकमत नाही. मामूंनी हे ऐकल्यावर मला फोनवर चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं.

पावणेसातच्या आसपास मगरिब होती. भावाच्या मोबाइलवर अजान झाली. अम्मीनं डबी उघडली, खजूर हातात घेतला, आणि समोर बघून थांबली. सूर्य अजून दिसत होता. धुळीत लालभडक, पण होता.

"अजान झाली ना रे?"

"झाली अम्मी, पण आपल्याला दोन मिनिटं थांबायचंय," भाऊ म्हणाला.

हा त्याचा शोध नव्हता. २०११ च्या रमजानमध्ये दुबईच्या ग्रँड मुफ्तींनी सांगितलं होतं, की बुर्जमध्ये ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, आणि १५०व्या मजल्याच्या वर तीन मिनिटं. पहाटे फज्रची वेळही वर तितकीच आधी होते. कारण साधं आहे. पृथ्वी गोल आहे. आपण जितके वर, तितकं क्षितिज दूर आणि तितकंच खाली. जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज चार-पाच किलोमीटरवर असतं. ४४० मीटर उंचीवरून, हवा स्वच्छ असेल तर, ते ७५ किलोमीटरच्या आसपास जातं. खालच्यांचा सूर्य बुडाला तरी वरच्यांचा बुडायचा असतो. मी हे वर्गात फळ्यावर वर्तुळ काढून कितीदा शिकवलंय. पण अम्मी हातात खजूर धरून सूर्याकडे एकटक पाहतेय आणि तो मावळायला तयार नाही, हे पाहिलं तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट कळलं असं वाटलं.

वेटरनं अम्मीकडे पाहून काही न विचारता खजुराची एक बशी आणि पाणी आणून ठेवलं. अम्मीनं मात्र स्वतःच्या डबीतलाच खजूर खाल्ला. नमाजचं विचारल्यावर एका कर्मचाऱ्यानं आत एक शांत कोपरा दाखवला. आम्ही पाळीपाळीनं नमाज पढून आलो.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मोठ्या ताटलीत मधोमध थोडंसं काहीतरी, सुबक मांडलेलं. अम्मीनं माशाचा तुकडा खाल्ला. ती कोकणातली बाई, माशाच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नाही. "ताजा आहे," ती म्हणाली, "पण मसाल्याला घाबरलेत बिचारे." अब्बांनी सूप संपवलं आणि भात आहे का म्हणून विचारलं. मग भाऊ बोलला, आणि बरं झालं की कामाचंच बोलला.

"अब्बा, इथं काँक्रीट पंपानं वर आणलं. ६०० मीटरच्या वर. उन्हाळ्यात रात्री ओतायचे, बर्फ घालून."

अब्बांनी मान वर केली. "बर्फ?"

"गरमीत लवकर सुकून तडे जाऊ नयेत म्हणून."

"ते मला सांगू नकोस," अब्बा म्हणाले. पण आता त्यांचा चेहरा बदलला होता. "आमच्या वेळी क्रेनला बादली. बादली यायच्या आधी फळ्या आवळून तयार पाहिजेत, नाहीतर फोरमनच्या शिव्या." मग त्यांनी पहिल्यांदा काचेकडे पाहिलं. "ट्रेड सेंटर कुठं आहे?"

आमच्या खिडकीतून ते दिसत नव्हतं. वेटरला विचारून भाऊ त्यांना दुसऱ्या बाजूच्या काचेकडे घेऊन गेला. मीही मागोमाग गेले. शेख झायेद रोडवर दिवे लागले होते. भावानं बोट दाखवलं. एमिरेट्स टॉवर्सची दोन टोकं ओळखता येतात, त्यांच्या जरा पुढं. अब्बांना सापडेना. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ती? एवढीशी?"

दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटर. ३९ मजले, १४९ मीटर. १९७९ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, तेव्हा दुबईत तिच्यासारखं दुसरं काही नव्हतं. आज आजूबाजूच्या इमारतींत ती शोधावी लागते. अब्बांचं इथलं पहिलं काम तिच्यावरचं.

"तेव्हा इथं काही नव्हतं," अब्बा म्हणाले. "वाळू. आपण जिथं उभे आहोत ना, इथं वाळू होती. लोक हसायचे, की शहर सोडून एवढ्या लांब ही इमारत कुणासाठी बांधताय? आम्ही वरच्या मजल्यावर डबा खायचो, कारण वर वारा यायचा. भात आणि सुका बांगडा. माझ्याबरोबर बाणकोटचा एक जण होता. समुद्राकडे बघून म्हणायचा, सरळ रेघ मारली की आपलं घर."

मी ४० वर्षांची आहे. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाचं एक पेर नाही, ते पुढं दुसऱ्या एका कंपनीच्या कामावर करवतीनं गेलं, हेही मला लहानपणी चुलत्यांनी सांगितलेलं. त्यांनी नाही.

टेबलाशी आल्यावर त्यांनी पाकीट काढलं आणि आतल्या कप्प्यातून १०० दिरहमची एक जुनी, चार घड्या पडलेली नोट काढली. मागच्या बाजूला ट्रेड सेंटरचं चित्र. १९८०च्या दशकात या नोटा आल्या, तेव्हा हाती आलेली एक त्यांनी कधी खर्च केली नाही. अम्मीनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"ही मला का नाही दाखवलीत?"

"काय दाखवायचं? नोट तर होती."

अम्मी थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग अगदी सहज, भाजीचा हिशोब सांगावा तसं म्हणाली, "आपलं लग्न ८१ साली झालं. तुम्ही २००३ ला आलात. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. २२ वर्षांत २२ महिने. मी मोजलेत."

कुणी काही बोललं नाही. भावाच्या बायकोनं पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. आमच्या पिढीनं ती वर्षं पत्रांत आणि कॅसेटमध्ये काढली. अब्बा कॅसेटवर आवाज भरून कुणा येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पाठवायचे, आणि आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकायचो. कॅसेटमध्ये ते नेहमी एकच सांगायचे. अभ्यास करा, अम्मीला त्रास देऊ नका, इथं सगळं ठीक आहे.

"माझेही २२च होते," अब्बा म्हणाले.

बशा उचलायला वेटर आला. अब्बांनी त्याला हिंदीत विचारलं, कुठला? नेपाळचा. घरी कोण? बायको आणि एक मुलगी. शेवटचा कधी गेला होतास? तो हसला आणि म्हणाला, दीड वर्ष झालं. अब्बांनी त्याला ती नोट दाखवली, त्यावरची इमारत दाखवली, मी इथं काम केलंय म्हणाले. तो मनापासून वाकून बघत होता. मला वाटलं अब्बा आता ती नोट त्याला देणार. पण त्यांनी ती घडी घालून पाकिटात परत ठेवली, आणि दुसऱ्या कप्प्यातली कोरी १०० ची नोट त्याच्या हातात दिली.

बिल भावानं पाहिलं, आम्हाला दाखवलं नाही. लिफ्टमध्ये अम्मीनं विचारलंच. भावानं आकडा कमी करून सांगितला, आणि तोही अम्मीला पुरेसा झाला. "अब्बांचा पहिला पगार ६०० दिरहम होता. हा इसराफ नाही तर काय?" मग गावी आमच्या शेजारच्या मुलीची नर्सिंगची फी तिनं भावाच्या नावावर टाकून दिली, तिथल्या तिथं, ४० मजले उतरेपर्यंत. जूनमध्ये पैसे आले, अल्हम्दुलिल्लाह, फोन दोनदा करावा लागला हा भाग वेगळा. तरी अम्मीचा प्रश्न तसाच आहे. मला स्वतःला वाटतं, तो खर्च जास्तच होता. आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर भावाला मी अडवणार नाही.

कुणाला जायचंच असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. अशा ठिकाणी माणशी किमान खर्चाची अट असते आणि खिडकीजवळच्या टेबलाला ती जास्त असते. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ती परत मिळते का ते विचारा. संध्याकाळच्या जेवणापेक्षा दुपारचा चहा स्वस्त पडतो. पुरुषांना हाफ पँट किंवा चपला घालून सोडत नाहीत. बुरखा, हिजाब, सलवार-कमीज यांना कुणी काही म्हणत नाही. फक्त वरून शहर पाहायचं असेल, तर जेवायची गरजच नाही. १२४ आणि १२५व्या मजल्यांवर तिकीट काढून जाता येतं, आणि सूर्यास्ताची वेळ टाळली तर तिकीट आणखी कमी पडतं. वयस्कर माणसं सोबत असतील तर लिफ्टमध्ये कान दडपतात हे आधी सांगून ठेवा. आणि त्यांना कुठली इमारत शोधायची आहे का, तेही घरीच विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

शारजाला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. चप्पल काढता काढता अब्बा म्हणाले, "भूक लागलीय." भाऊ कपाळाला हात लावून सोफ्यावर बसला. अम्मी हसत हसत किचनमध्ये गेली, कुकर लावला. मुगाची खिचडी, पापड, कैरीचं लोणचं. अब्बांनी दोनदा घेतली. खाता खाता ते त्या बाणकोटच्या माणसाबद्दल सांगत होते. त्याला गाणी फार यायची, आणि फोरमन झोपला की वरच्या मजल्यावर तो मोठ्यानं म्हणायचा.

"मग? पुढं काय झालं त्याचं?" अम्मीनं विचारलं, आणि त्यांच्या ताटात आणखी एक चमचा खिचडी वाढली.